पायऱ्या कोणाच्या?

१९८८ साली ब्राझीलमधील साओ पावलो महानगराचे महापौर जानिओ क्वाद्रोस यांनी स्केटबोर्डवर, म्हणजे चार चाकांच्या त्या साध्या फळीवर, बंदी घातली. प्रथम ती इबिरापुएरा उद्यानापुरती होती. महापालिकेचे मुख्यालय तेव्हा तेथेच होते. तरुणांनी मोर्चा काढून निषेध नोंदविला, तेव्हा बंदी सबंध शहराला लागू झाली. मोर्चाला असे उत्तर देणारे राज्यकर्ते केवळ ब्राझीलमध्येच निपजतात असे नाही. पुढे १९८९ मध्ये कामगार पक्षाच्या लुइझा एरुंदिना महापौर झाल्या. ईशान्य ब्राझीलमधील पाराइबा राज्यातून आलेली ही समाजसेविका त्या शहराची पहिली महिला महापौर. त्यांनी बंदी उठविली.

त्याच इबिरापुएरा परिसरातील क्रीडागृहात डिसेंबर २०२३ मध्ये, आणि पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये, स्केटबोर्डच्या ‘स्ट्रीट लीग’ची अंतिम स्पर्धा झाली आणि दोन्ही वेळा रायसा लेआल विजयी ठरली. २०२२ चे रिओमधील विजेतेपद धरता ही तिची सलग तीन अजिंक्यपदे. तीही ईशान्येचीच, मरान्याव या गरीब राज्यातील इम्पेरात्रिझ गावची. २०१५ मध्ये, सात वर्षांची असताना, परीचा निळा पोशाख आणि पाठीला पंख अशा वेशात ती फळीसह पायऱ्यांवरून उडी घेते, पडते, उठते आणि अखेर फळी हवेत फिरवून तिच्यावर नीट उतरते, अशी चित्रफीत जगभर गाजली. अकराव्या वर्षी, २०१९ मध्ये, तिने लॉस एंजेलिसला स्ट्रीट लीगचा टप्पा जिंकला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला, तेव्हा तेरा वर्षांच्या रायसाने रौप्यपदक मिळविले. सुवर्ण जिंकणारी जपानची मोमिजी निशियाही तेराच वर्षांची होती. २०२४ मध्ये पॅरिसला रायसाला कांस्यपदक मिळाले.

एवढ्यावर तिचे कौतुक करून थांबणे सोपे आहे, आणि ब्राझीलचे राज्यकर्ते ते करतातच. परंतु या खेळाचे स्वरूप पाहावे. स्पर्धेच्या मैदानात काय असते? पायऱ्या, जिन्याचे लोखंडी कठडे, सिमेंटचे ओटे. म्हणजेच चौकातली, कचेरीच्या दारातली, ज्यांवरून पहारेकरी पोरांना हुसकावतो तीच वस्तुसामग्री. शहराने ज्यासाठी मुलांना हाकलले, त्याचीच प्रतिकृती उभारून तिकिटे विकली जातात. पॅरिसमध्ये ही स्पर्धा झाली ती प्लास द ला काँकॉर्द या ऐतिहासिक चौकात. राज्यक्रांतीत जेथे राजाचा शिरच्छेद झाला, त्या सार्वजनिक जागेला कुंपण घालून.

मुलींच्या वाट्याला यात दुहेरी बंदी येते. महापौराच्या हुकुमाआधी घरचा हुकूम असतो. साओ पावलोच्याच लेतिसिया बुफोनीची फळी तिच्या वडिलांनी करवतीने कापली होती. हा मुलांचा खेळ, अशी त्यांची समजूत. तिने ती कापलेली फळी बाजूला ठेवून खेळ चालूच ठेवला आणि जागतिक कीर्ती मिळविली. टोकियोच्या संघात ती आणि रायसा एकत्र होत्या. थोरलीला घरातच जी झुंज द्यावी लागली, तिचा लाभ धाकटीला किती झाला हे पदकांच्या तक्त्यात दिसत नाही.

आता मोठ्या कंपन्या या मुलींच्या बुटांवर आपली मुद्रा उमटवू पाहतात. त्याचा फार राग मानण्याचे कारण नाही. खेळाडूला उपजीविका हवीच. मात्र कंपनी जिंकलेल्या मुलीला पैसे देते, पडणाऱ्या मुलीला पायऱ्या देत नाही. त्या नगरपालिकेनेच द्यावयाच्या असतात, आणि बहुधा द्यावयाच्या म्हणजे काही बांधावयाचे नसते, फक्त मनाई मागे घ्यावयाची असते. एरुंदिना यांनी ती मागे घेतली तेव्हा रायसाच्या जन्माला एकोणीस वर्षे अवकाश होता.