चित्रपट संपल्यावर घर बोलले पाहिजे

दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात आठवड्यातून एकदा मराठी चित्रपट लागे आणि त्या संध्याकाळी सारे घर, कधी कधी सारी चाळ, एकाच संचासमोर बसे. निवडीला वाव नव्हता. पण एकत्र हसणे होते, एकत्र डोळे पुसणे होते. आज ज्याच्या त्याच्या हातात स्वतंत्र पडदा आहे. आजोबा कीर्तन ऐकतात, आई मालिका पाहते, मुले आपापल्या मोबाइलमध्ये डोके घालून बसतात. करमणूक वाढली, घर मात्र चार कोपऱ्यांत वाटले गेले.

सिनेमाने मुले बिघडतात, ही तक्रार जुनी आहे. ती सर्वस्वी खोटी नाही, पण अपुरी आहे. मुले काय पाहतात याइतकेच ती कोणाबरोबर पाहतात, हेही महत्त्वाचे आहे. 2024 च्या नियमांपासून चित्रपटांच्या प्रमाणपत्रांवर 7, 13 आणि 16 वर्षे असे वयोगट दर्शविले जातात. पालकांना त्याचा उपयोग होतो. परंतु काय टाळावे एवढेच प्रमाणपत्र सांगते. काय पाहावे हे सांगत नाही. आक्षेपार्ह दृश्य नाही, एवढ्याने कोणताही चित्रपट कौटुंबिक ठरत नाही. तीन पिढ्यांना एकमेकांशी बोलावयास लावतो, तो खरा कौटुंबिक चित्रपट. या कसोटीवर मराठी चित्रपटांचे भांडार चांगलेच समृद्ध आहे.

आरंभ प्रभातच्या ‘संत तुकाराम’पासून करावा. दामले-फत्तेलाल यांच्या 1936 सालच्या या चित्रपटाचा 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा भक्तिभावाने मन भरून टाकतात. पण गौरीबाईंची जिजाई तितकीच खरी आहे. घरात धान्य नाही, मूल आजारी आहे आणि नवरा भजनात दंग आहे. ती थेट देवळात जाऊन विठ्ठलालाच जाब विचारते. चित्रपट संपल्यावर घरात हमखास दोन पक्ष पडतात, एक तुकोबांचा आणि एक जिजाईचा. ते पडू द्यावेत.

आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (1953) हा सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा पहिला भारतीय चित्रपट. वनमालाबाईंची आई प्रेमळ आहे, तशीच कठोरही. पोहायला भिणाऱ्या श्यामला ती फटके देते. हे योग्य की अयोग्य, असे आजची मुले विचारतील. त्यांना गप्प करू नये. आजीच्या काळी शिस्त कशी होती आणि माया कशी होती, हे सांगण्याची याहून चांगली संधी कोणती?

त्यानंतर अर्धशतकाने संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने (2004) सुवर्णकमळ पुन्हा मराठीत आणले. कोकणातील एका नातवाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. हे त्या लहानग्याला सांगायचे की नाही? डॉक्टर सांगण्याचा आग्रह धरतात, आजोबांचा धीर होत नाही. घरातील दुखणी, कर्ज, मृत्यू मुलांपासून लपविण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या रीतीचा विचार हा चित्रपट करावयास लावतो. थोड्या मोठ्या मुलांसोबतच तो पाहावा.

लहानांसाठी परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (2014) आहे. पंढरपुरातील ज्ञानेश आणि त्याची धाकटी बहीण, वडिलांनी बनविलेली सायकल विकावी लागू नये म्हणून एकादशीच्या यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात, तेही आईला न सांगता. आईवरील प्रेमापोटी आईपासून लपवाछपवी करावी का, यावर आठ वर्षांचे मूलही तावातावाने मत देईल. मोकाशी यांचाच ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) दादासाहेब फाळक्यांच्या घरात नेतो. 1913 सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ हे एकट्या माणसाचे कर्तृत्व नव्हते. सरस्वतीबाईंनी त्यासाठी अपार कष्ट उपसले आणि मुलाने रोहिताश्वाची भूमिका केली. भारतीय चित्रपटाचा संसार असा एका मराठी कुटुंबाने मांडला.

जुने चित्रपट संथ असतात, मुले कंटाळतात, ही अडचण खरी आहे. त्यावर सक्ती हा उपाय नव्हे. लांबीचा चित्रपट दोन दिवसांत विभागून पाहावा. एका आठवड्यात निवड वडीलधाऱ्यांची, तर पुढच्या आठवड्यात मुलांची असावी. आणि मुलांनी निवडलेला चित्रपट वडिलांनी अर्ध्यावर उठून न जाता पाहावा. आपली आवड कोणी मानाने पाहिली, तर मूल दुसऱ्याची आवडही मानाने पाहते. सर्वांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत राहावेत, वडिलांचासुद्धा.

शेवटी एक पथ्य सांगितले पाहिजे. चित्रपट संपताच तात्पर्य सांगू नये. तात्पर्य सांगितले की मुले उठून जातात. प्रश्न विचारला की थांबतात. संस्कार हे व्याख्यानातून कमी आणि सहवासातून अधिक होतात. आठवड्यातील अडीच तास आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासाच्या गप्पा, एवढे भांडवल कोणत्याही घरापाशी असते. येत्या रविवारी ते गुंतवून पाहावे.