पाणी बंद, पण किती वाजेपर्यंत?

यंदाच्या गॅदरिंगला तराफ्यांची शर्यत झाली नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. का झाली नाही, याच्या मात्र दोन-तीन कथा फिरताहेत. बॉईज होस्टेलचं म्हणणं, स्टाफ घाबरला. स्टाफरूममध्ये म्हणे असं बोललं जातं की पोरांना परवानगीचा साधा कागद नीट लिहिता आला नाही. दुसऱ्या कथेत तथ्य आहे. तो कागद मी लिहिला होता, म्हणून हा लेखही मीच लिहिते आहे.

कल्पना मेकॅनिकलवाल्यांची. रिकामे ड्रम, बांबू, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूब आणि दोर, एवढ्या सामानात तराफा बांधायचा, त्यावर चौघांनी बसायचं आणि २०० मीटर वल्हवत जायचं. जागा गोदावरीची. आपल्या आई-वडिलांच्या आठवणीतली गोदावरी म्हणजे पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात वाळू. पण ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे झाल्यापासून पावसाळ्यानंतर पाणी अडतं आणि जानेवारीत लांबवर संथ पाणी दिसतं. परभणीकराला एवढं पाणी बघून काहीतरी करावंसं वाटणारच! आम्ही यातला कोणता बंधारा निवडला होता ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा आहे.

कमिटीत माझं काम लिहिण्याचं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा हा एक तोटा आहे, होस्टेलवर कुणाचाही अर्ज असो, शेवटी माझ्या टेबलावर येतो. मी झकास इंग्रजीत नोटीस तयार केली. शर्यतीच्या दिवशी सकाळी ६ ते संध्याकाळी ६ हा जलाशय 'ऑल क्राफ्ट्स'साठी बंद राहील, सहकार्य करावे, वगैरे. ती अर्जाला जोडली. अर्ज नामंजूर झाला नाही, परत आला. त्यावर एक ओळ होती, मच्छीमार संस्थेचे ना-हरकत पत्र जोडावे.

मग कमिटीतले आम्ही तिघे आणि एक सर असे बंधाऱ्यावर गेलो. काठावर एक मामा जाळं दुरुस्त करत बसले होते, बाजूला त्यांचा थर्माकोलचा चप्पू पालथा. सरांनी विषय काढला. मामा म्हणाले, "वाचा बरं बाई, काय लिव्हलंय त्यात." मी वाचून मराठीत सांगितलं.

"क्राफ्ट म्हंजी?"

"होडी, चप्पू, तराफा. पाण्यावर चालतं ते सगळं, मामा."

"अन् जाळं? जाळं काही चालत नाही. ते पाण्यात उभं राह्यतं. त्याचं काय करायचं?"

आम्ही तिघेही गप्प. मामांनी मग शांतपणे सगळं समजावून सांगितलं. ही जाळी पडद्यासारखी पाण्यात उभी सोडतात. संध्याकाळी लावायची, रात्रभर ठेवायची, पहाटे काढायची, आणि व्यापारी यायच्या आत मासे काठावर आणायचे. वरून बघणाऱ्याला फक्त थर्माकोलचे किंवा बाटल्यांचे तुकडे तरंगताना दिसतात. आमच्या तराफ्याची ट्यूब त्यात अडकली असती. ते एक वेळ परवडलं. पण तराफा उलटून एखादा पोरगा पाण्यात पडला आणि त्याचे पाय जाळ्यात गेले तर? पट्टीचा पोहणाराही तिथे हात टेकतो. म्हणजे माझ्या नोटिशीने मामांचा चप्पू १२ तास काठावर बसवला असता, आणि पोरांच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका ज्याचा होता ती जाळी तशीच पाण्यात राहिली असती. ती काढायला जायला चप्पू लागतो, आणि चप्पू तर मीच बंद केलेला!

आता कुणी म्हणेल, मग बंदीच कशाला? होस्टेलमध्ये हा पक्ष मोठा आहे. "कुणी मधे आलं तर ओरडू की, बाजू बाजू!" मला हा युक्तिवाद अजिबात पटत नाही. पाण्यावर ब्रेक नसतो. रस्त्यावर टायर घासतो, गाडी थांबते. पाण्यात इंजिन बंद केलं तरी होडी आपल्या वेगाने पुढे सरकत राहते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर काही आहे हे कळून हात हलेपर्यंत २ सेकंद गेले तर ३४ मीटर संपले, आणि वळणं अजून सुरूच झालेलं नाही. रोइंगमध्ये तर आणखी गंमत आहे. वल्ही ओढणाऱ्याची पाठ पुढे असते, तो गेलेल्या वाटेकडे बघत शर्यत मारतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, आपल्यासारख्याच दुष्काळी भागातला, लष्करात जाऊन रोइंग शिकला आणि २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या होडीत उतरला. ऑलिम्पिकच्या त्या २,००० मीटरमध्ये कुणी चप्पू घेऊन मधे येईल, अशी काळजी त्याला करावी लागत नाही, कारण प्रत्येकाची लेन ठरलेली आणि पाणी मोकळं केलेलं असतं.

आणि पाणी मोकळं नसलं की काय होतं हे मुंबईने १८ डिसेंबर २०२४ रोजी पाहिलं. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. १५ माणसं गेली. ती शर्यत नव्हती हे मला मान्य आहे. पण भरधाव बोट आणि रोजची प्रवासी बोट एकाच पाण्यात, एकाच वेळी होत्या, हा भाग तोच आहे. तेव्हा शर्यतीपुरतं पाणी बंद करणं हा सरकारी बाऊ नाही. ते केलंच पाहिजे, आणि आपल्या ड्रमच्या तराफ्यासाठीसुद्धा केलं पाहिजे. आपला तराफा वेगात धडकणार नाही, पण ज्याला धड वळता येत नाही तो कुणाच्याही आडवा जाऊ शकतो.

आता दुसरा पक्ष. यात बरेचसे आदरणीय सर आहेत, म्हणून जरा जपून लिहिते. त्यांचं म्हणणं, दिवसभर बंद ठेवा, कटकट नको. एक दिवसाने कुणाचं काय जातं?

मामांकडून ऐकलं तेव्हा कळलं काय जातं ते. सकाळी ६ पासून बंदी म्हटल्यावर आदल्या संध्याकाळी जाळं लावता येत नाही, कारण पहाटे काढणार कसं? आणि संध्याकाळी ६ ला बंदी उठली तर त्या दिवशीचं लावणंही अंधारात जातं. नोटिशीत एक दिवस, प्रत्यक्षात एक पूर्ण रात्र बुडाली आणि दुसरी अर्धवट. शिवाय हे पाणी त्यांना फुकट मिळालेलं नाही. आपल्या राज्यात तलाव-जलाशयांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिली जाते, त्याचे पैसे भरावे लागतात. म्हणजे आपण जे पाणी 'एक दिवस' मागतो आहोत त्याचं भाडं दुसऱ्याने भरलेलं आहे. आपल्या मेसचे पैसे भरून घेतले आणि एक दिवस पाहुण्यांसाठी मेस बंद ठेवली, तर आपण काय करू? (मागच्या वर्षी काय केलं होतं ते रेक्टर सरांना विचारा.)

गंमत म्हणजे शर्यत २ तासांची होती. बाकीचे १० तास मी 'सेफ साइड' म्हणून टाकले होते. सेफ कुणासाठी, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

बाहेर हे कसं करतात ते नंतर वाचलं. अमेरिकेत नदीत किंवा किनाऱ्याजवळ शर्यत असली की तिथलं कोस्ट गार्ड तात्पुरता नियम काढतं. त्यात हद्द अक्षांश-रेखांशांत दिलेली असते, कोणत्या तारखेला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत हे असतं, आणि मधल्या वेळात कुणाला त्या हद्दीतून जायचंच असेल तर परवानगी कुणाकडे मागायची तेही असतं. शिवाय छोट्या धंद्यांवर याचा काय परिणाम होईल, याचा वेगळा परिच्छेद असतो. माझ्या नोटिशीत या चारांपैकी फक्त वेळ होती, तीही फुगवलेली.

लांब कशाला, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. नोटिशीतला एक दिवस कुठे आणि ६१ दिवस कुठे! त्या बंदीवरही तक्रारी होतात, नाही असं नाही. पण तारीख आधी ठाऊक असते आणि कारणही ठाऊक असतं, की हा माशांच्या विणीचा काळ आहे. माणूस त्याप्रमाणे जाळी शिवतो, बोट रंगवतो. आदल्या दिवशी झाडाला चिकटवलेल्या इंग्रजी कागदावर कुणी काय शिवणार?

आणि नुसत्या कागदाने पाणी बंद होतही नाही. लंडनला टेम्स नदीवर ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची बोट रेस होते. तिच्यासाठी नदीवरची वाहतूक ठरल्या वेळी थांबवतात, मागून पंचांच्या आणि इतर बोटी चालतात. तरीही ७ एप्रिल २०१२ च्या शर्यतीत एक माणूस पोहत थेट होड्यांच्या वाटेत आला. पंचांच्या बोटीवरून वेळीच दिसला, शर्यत थांबवली, म्हणून वाचला. आपल्याकडे बघायला कोण होतं? कमिटीच्या यादीत सूत्रसंचालनाला चार जण आणि पाण्यावर लक्ष ठेवायला एकही नाही.

होड्यांच्या शर्यती मराठी माणसाला नव्या नाहीत. सांगलीकडे पावसाळ्यात कृष्णेत होड्या पळवतात, कोकणात नारळी पौर्णिमेला. पुण्याच्या सी.ओ.ई.पी.ची रेगाटा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिली आहे, त्यांचा बोट क्लब १९२८ सालचा. 'ते करतात, मग आपण का नाही?' हे वाक्य मीटिंगमध्ये दहा वेळा ऐकलं. फरक असा आहे की ती माणसं त्याच पाण्यावरची आहेत. नदीकाठच्या गावातल्या पोराला जाळं कुठे असतं हे सांगावं लागत नाही, आणि सी.ओ.ई.पी.वाल्यांना मुळेचा तो पट्टा रोजचा आहे. आपण गोदावरीवर पाहुणे. पाहुण्याने विचारून बसावं.

विचारल्यावर काय होतं तेही सांगते. मामांनी आणि संस्थेच्या इतर दोघांनी बसून अर्ध्या तासात आमचं वेळापत्रक बदललं. सकाळी ७ ची वेळ त्यांनी पहिल्यांदा खोडली. जानेवारीत तेव्हा पाण्यावर धुकं असतं, काठावरच्याला तराफा दिसणार नाही, आणि नेमकी तीच जाळी काढायची वेळ. १० ते १२ ठेवा म्हणाले. तोवर मासे काठावर आलेले असतात, त्यांची माणसं मोकळी असतात. बंदी पूर्ण जलाशयावर नको, शर्यतीचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना थोडी जागा, एवढ्यावर बांबू रोवून खुणा करायच्या. त्या पट्ट्यात आदल्या रात्री जाळं लावायचं नाही, बाकी पाणी चालू. काठावरच्या शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि केबली कुठे उतरतात ते त्यांनी दाखवलं. मी इलेक्ट्रिकलची, आणि ही गोष्ट मला दुसऱ्याने सांगावी लागली! बंधाऱ्यातून पाणी सोडायचं आहे का, हे आदल्या दिवशी शाखा अभियंत्यांना विचारायचं, हेही त्यांचंच. शेवटी मामा म्हणाले, "पोरं बुडाली तर काढायला कोण हाय? आमचे चार चप्पू उभे करा दोन्ही अंगाला."

म्हणजे ज्यांना मी १२ तास घरी बसवणार होते, तेच शर्यतीचे जीवरक्षक.

नवीन नोटीस मराठीत लिहिली आहे. पंधरा ओळींची आहे, त्यात 'क्राफ्ट' हा शब्द नाही, 'जाळं' हा शब्द तीनदा आहे. शर्यतीच्या पंधरा दिवस आधी ती काठावरच्या दोन्ही गावांत आणि संस्थेच्या कार्यालयात लावायची, शिवाय दवंडीसारखी तोंडी सांगायची, असं ठरलं. ना-हरकत पत्र संस्थेच्या पुढच्या बैठकीत ठेवणार आहेत. लाइफ जॅकेट किती लागतील याचा हिशेब मेकॅनिकलवाले करताहेत, आणि जितकी जॅकेट मिळतील तितकीच पोरं पाण्यात, यावर निदान भांडण झालं नाही.

भांडण पैशावर अडलंय. चार चप्पूंची दिवसाची मजुरी आणि त्या पट्ट्यातल्या एका रात्रीच्या जाळ्याची भरपाई गॅदरिंगच्या फंडातून द्यावी, असं माझं मत. खजिनदार म्हणतात, चप्पूंचं देऊ, जाळ्याचं कशाला, ते तर पाण्यात सोडलेलंच नसणार. मी त्यांना म्हटलं, हेच वाक्य बंधाऱ्यावर येऊन मामांसमोर म्हणा. अजून आलेले नाहीत. पुढची मीटिंग मेसमध्ये, रविवारी जेवणानंतर.