आधी वाद, मग रंग

माझे आजोळ ग्वाल्हेरचे. तेथे चितेरा ओली नावाची गल्लीच आहे. लग्न निघाले की चितेऱ्याने येऊन दाराशी गणपती, हत्ती, घोडे रंगवायचे, ही तेथली जुनी रीत. भिंत बोलते, हे त्या गावाला नव्याने सांगायला नको.

त्याच गावात २ एप्रिल २०१८ रोजी, दलित संघटनांच्या भारत बंदच्या दिवशी गोळीबार झाला, माणसे मेली. मनामनांत तेव्हा ज्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांचे काय? माझे मत असे, की दोन्हीकडच्या तरुणांनी मिळून गावातली एक भिंत रंगवावी.

असा प्रयोग झालेला आहे. लॉस एंजेलिस शहरात जूडी बाका या चित्रकर्तीने १९७६ पासून निरनिराळ्या वंशांची चारशेहून अधिक मुले-माणसे जमवून कालव्याची सुमारे अर्धा मैल भिंत रंगवली. जपानी वंशाच्या नागरिकांना डांबले गेले, तो लाजिरवाणा इतिहासही त्यांनी वगळला नाही.

आपल्याला मात्र किल्ला आणि तानसेन काढून मोकळे होण्याचा मोह पडेल. त्यांवरून कोणाचेच भांडण नाही. म्हणूनच त्यांनी काही जुळणारही नाही. कोणाचे दुःख भिंतीवर यावे, हे आधी समोरासमोर बसून ठरवावे लागेल. त्या वादात एकमेकांचे जे ऐकले जाईल, तेच खरे औषध. न्यायाचे काम न्यायालयानेच करावे. शेजाराचे काम आपले आहे. पावसाने रंग उडेल, तेव्हा पुन्हा एकत्र यावे लागेल. मला तर तो लाभच वाटतो.