चौघांचा प्रोजेक्ट, एकाचा कोड: एआयच्या काळात ग्रुप प्रोजेक्टमधून शिकायचं काय?

फायनल इयरच्या प्रोजेक्टला ग्रुप चौघांचा असतो. एक जण कोड लिहितो, एक जण रिपोर्टचं बाइंडिंग करून आणतो, एक जण पीपीटी बनवतो आणि चौथा व्हायव्हाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून येतो. हा विनोद आमच्या बॅचलाही होता, आमच्या सीनियर्सनाही. आता त्यात एवढाच बदल झालाय की कोड लिहिणारा तो एक जणही कोड लिहीत नाही. जून २०२१ मध्ये गिटहब कोपायलट चाचणीसाठी आलं, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. आज नीट प्रॉम्प्ट दिला तर लॉगिन, डेटाबेस, डॅशबोर्ड असलेलं ॲप एका संध्याकाळी उभं राहतं. मग चौघांनी वर्षभर करायचं तरी काय?

प्रश्न नुसत्या मार्कांचा नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांचीही कर्मचारीसंख्या घटली. फ्रेशर्सची भरती आवरली की पहिला फटका छोट्या गावांजवळच्या कॉलेजांना बसतो. मी तामलवाडीचा. आमचं गाव सोलापूर-तुळजापूर हायवेवर आहे. एका बाजूला तुळजापूरचं इंजिनीअरिंग कॉलेज, दुसऱ्या बाजूला तळे हिप्परग्याचं ऑर्किड आणि पुढे सोलापुरात वालचंद. सुट्टीत गावी गेलो की एसटीने अप-डाऊन करणारी पोरं हमखास विचारतात, "दादा, प्रोजेक्टला एखादा भारी टॉपिक सांगा ना."

खरं तर टॉपिक हा त्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग. गेल्या वर्षी आमच्याकडच्याच चौघांनी घेतलेला विषय बघा. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला हजारो भाविक चालत जातात, साधारण ४५ किलोमीटर. वाटेत पाणी, प्रथमोपचार आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते दाखवणारं ॲप करायचं होतं. एआयच्या मदतीने प्रत्येकाचा भाग दोन दिवसांत तयार झाला आणि आपापल्या लॅपटॉपवर छान चाललाही. एकत्र केल्यावर मात्र सगळंच बंद पडलं. एकाने ठिकाण म्हणजे अक्षांश-रेखांश धरले होते, दुसऱ्याने "टोलनाक्याच्या पुढे, डाव्या हाताला" असा मजकूर. दोन्ही बरोबरच होतं. पण चौघांनी आधी बसून काही ठरवलंच नव्हतं, आणि प्रत्येकाच्या एआयला फक्त त्याच्या एकट्याचा प्रॉम्प्ट माहीत होता.

दुसरी अडचण रस्त्याकडेला राहणाऱ्या मुलीने काढली. त्या रात्री गर्दीत नेट धड चालतच नाही, मग ॲप उघडणार कसं? यादी आधीच फोनमध्ये साठवली पाहिजे. म्हणजे डेटाबेसची अर्धी रचना बदलायची. हे कुठल्याच मॉडेलने सुचवलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

माझ्या मते विद्यार्थी डेव्हलपर होतो तो या टप्प्यावर. कोड लिहिणं स्वस्त झालंय. दुसऱ्याचा कोड वाचणं, काय ठेवायचं ते ठरवणं आणि तुकडे जोडणं स्वस्त झालेलं नाही.

यासाठीचं साधन फुकट आहे आणि जुनंही आहे: गिट. लिनस टोरवाल्ड्सने ते २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी बनवलं, म्हणजे एकाच कोडवर शेकडो लोक काम करतात अशा प्रकल्पासाठी. आपल्याकडे मात्र व्हॉट्सॲपवर 'फायनल_नवीन_लास्ट.झिप' फिरत असते. गिट वापरलंच, तर सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच अकाउंटवरून सगळं एकदम चढवलं जातं.

गिटमध्ये प्रत्येक जण आपापल्या ब्रँचवर काम करतो आणि काम झालं की मुख्य कोडमध्ये मिसळतो. दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळे बदल केले असतील तर गिट थांबतं, दोन्ही रूपं समोर ठेवतं आणि म्हणतं, तुम्हीच ठरवा. हा मर्ज कॉन्फ्लिक्ट. पोरांना याची फार भीती वाटते. पण तो सोडवायला समोरच्याने असं का लिहिलं हे विचारावंच लागतं. पुल रिक्वेस्टचंही तसंच: माझा बदल दुसऱ्याने वाचून हो म्हटल्याशिवाय तो आत जात नाही. "एआयने दिलं" हे उत्तर तिथे चालत नाही, कारण पुढचा प्रश्न येतो, "हो, पण ही ओळ कशासाठी?"

माणसं वाढली की बोलणंही वाढतं. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये हे मांडलं. चौघांत जोड्या सहा होतात, सहा जणांत पंधरा. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनची टीम सहा जणांचीच असते आणि त्यात किमान एक मुलगी असावीच लागते. (नियम चांगला आहे, पण बऱ्याच टीममध्ये तिच्या हातात पीपीटीच दिली जाते.) हॅकेथॉनला जरूर जा, ओळखी होतात, धाडस येतं. पण सॉफ्टवेअरची अंतिम फेरी ३६ तासांची. दोन महिन्यांनी स्वतःचाच कोड उघडून "हे कोणी लिहिलं?" असं वाटणं तिथे अनुभवायला मिळत नाही.

मग कॉलेजांनी कमिट मोजून मार्क द्यावेत का? अजिबात नाही. २०२०च्या हॅकटोबरफेस्टमध्ये फुकट टी-शर्टसाठी लोकांनी एखादा शब्द बदलून निरर्थक पुल रिक्वेस्टचा असा पूर आणला की आयोजक डिजिटलओशनला महिना संपायच्या आत नियम बदलावे लागले. आकड्यावर मार्क ठेवले की पोरं आकडा बनवतात.

त्यापेक्षा व्हायव्हा उलटा घ्या. लॉगिन ज्याने केलं त्याला नकाशाबद्दल विचारा. नकाशावालीला सांगा, "डेटाबेसमध्ये मोबाईल नंबर ऐच्छिक कर, वीस मिनिटं घे, एआय वापरलंस तरी चालेल." ज्यांनी एकमेकांचा कोड वाचलाय ते करतील, बाकीच्यांचं लगेच कळेल. यासाठी ना नवी लॅब लागते ना बजेट. फक्त एक्स्टर्नलने वीस मिनिटं थांबायची तयारी हवी, आणि एका दिवसात डझनभर ग्रुप उरकायचे असतील तर ती तयारी कुठून येणार, हा विद्यापीठांना विचारायचा प्रश्न आहे.

त्या चौघांचं ॲप आता नेटशिवाय यादी दाखवतं. गर्दीचा अंदाज दाखवायचं काम राहिलंय, ते ज्युनिअर बॅचने मागून घेतलंय. त्यांचा पहिलाच मेसेज होता: "आधी रीडमी लिहून द्या, मग बोलू."