म्हणे, तिथं सगळं मिळतं!

परदेशी निघालेल्या आईबापांना धीर देणारा एक खास वर्ग असतो. “काही नेऊ नका हो, तिथं सगळं मिळतं!” हा त्याचा मंत्र. आमच्या अंबाजोगाईत तर ज्यांची मजल परळीच्या स्टेशनापलीकडं गेली नाही, त्यांनीही तो आम्हाला ऐकवला. न्यू जर्सीत चिरंजीवांकडं सहा महिने राहून आल्यावर या मंत्राविरुद्ध मी उघड बंड पुकारत आहे. तिथं सगळं असतं, हे मान्य. पण असणं वेगळं आणि मिळणं वेगळं.

पहिल्याच रविवारी चिरंजीवांनी घरादाराला मोटारीत कोंबून एडिसनच्या ओक ट्री रोडवर नेलं. तिथल्या एका देशी दुकानात खरोखरच सगळं होतं. हिंग होता, कढीपत्ता होता, गोडंबीसुद्धा होती. आणि ज्वारीचं पीठही होतं! आमच्या सौभाग्यवतींनी पाकीट उचललं, दाबलं, हुंगलं. चिमूट चोळून बघायची सोय नव्हती. शेवटी गल्ल्यावरच्या पोराला त्यांनी विचारलं, “दळण कधीचं आहे रे?” पोरानं पाकिटावरची तारीख दाखवली. पाच महिन्यांपूर्वीची.

आता ज्वारीच्या पिठाची विरी किती दिवस टिकते, हे बीड जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल. संध्याकाळी भाकरी थापायला घेतली आणि परातीतच तिचे नकाशे झाले. सूनबाई म्हणाल्या, “आई, उकड काढून बघा ना.” काढली. भाकरी झाली, म्हणजे तव्यापर्यंत पोचली. नातीनं तुकडे शेंगदाण्याच्या चटणीशी बिस्किटासारखे कुडुमकुडुम खाल्ले आणि आजीला शाबासकी दिली. आजीनं डोळ्यांना पदर लावला. चूल नसल्यामुळं धुराचं निमित्त सांगायचीही सोय नव्हती.

गंमत पुढंच आहे. जगात सर्वांत जास्त ज्वारी पिकते ती याच अमेरिकेत, त्यातही कॅन्सस राज्यात. जनावरं खातात, तिचं इथेनॉल करून मोटारी पितात आणि उरलेली परदेशी जाते. 1972च्या दुष्काळात तिथली तांबडी ‘मिलो’ ज्वारी आमच्या रेशनवर आली होती. आम्ही नाकं मुरडून ती खाल्ली आणि जगलो. आता आमचं पीठ समुद्र ओलांडून त्यांच्या दुकानात बसतं. त्यात ग्लूटेन नाही म्हणून गोरे लोकही डॉलर मोजून ते नेतात.

तरी मी अमेरिकेला दोष देत नाही. दोष आमचा. पाहुणे आले की आम्ही भाकरी झाकून पोळ्या लाटल्या. रेशनच्या गव्हानं घरातली ज्वारी मागं सारली. खरिपाच्या ज्वारीच्या रानात सोयाबीन अन् कापूस उभा राहिला. मग 2023 साल भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर झालं, तेव्हा कुठं आम्हाला कळलं, की आपली आजी अडाणी नव्हती! घरी जिची लाज वाटली ती भाकरी परदेशात मिळत नाही म्हणून गळे काढायचे, हा आमचा स्वाभिमान!

परत आलो त्याच दिवशी सौभाग्यवतींनी फर्मान काढलं, “अहो, आधी शाळू आणा!” दुकानात गेलो. मालक जुना, तीस वर्षांचा ओळखीचा. त्याचे वडील ज्वारीची मूठ हातावर ठेवून म्हणायचे, “दाणा फोडून बगा गुरुजी, मग न्या.” यानं प्रेमानं एक चकचकीत पाकीट पुढं सरकवलं.

“दळत काहून बसता काका? आता आपल्याकडंबी सगळं तयार मिळतं!”

मी पाकीट तसंच ठेवलं, पाच किलो मालदांडी मोजून घेतली आणि डबा भरून तरातरा गिरणी गाठली. रांगेची धास्ती होती.

माझ्यापुढं एकच डबा होता.