मुलांना परदेशातलं संग्रहालय दाखवताय? मग तीनच चित्रं दाखवा!



मे महिन्याच्या सुट्टीत आता आपल्या ओळखीतलीही काही कुटुंबं परदेशी जाऊन येतात. सहलीच्या यादीत एखादं कलासंग्रहालय असतंच. मुलांना काहीतरी शैक्षणिक दाखवावं, हा आपला हेतू चांगलाच असतो. पण खरं सांगू का? तिथे गेल्यावर मुलांचं शिकणं बऱ्याचदा आपणच बंद पाडतो. हे मी दुसऱ्या कुणाचं नाही, माझंच सांगतेय.

माझी धाकटी बहीण नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये राहते. राहण्याचा खर्च वाचणार होता, म्हणून दोन वर्षं पैसे साठवून आम्ही तिच्याकडे गेलो. मी, मुलांचे बाबा, चौथीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. ॲमस्टरडॅममधलं राइक्सम्युझियम बघायचं ठरलं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे तिकीट लागत नाही, मोठ्यांना मात्र लागतं. त्या तिकिटाचे मी रुपये करून पाहिले आणि मनाशी ठरवलं, पैसे वसूल झाले पाहिजेत. सगळं बघायचं!

सगळं म्हणजे किती? ८० दालनं आणि सुमारे ८००० वस्तू. एका वस्तूला एकच मिनिट दिलं तरी १३० तासांहून जास्त वेळ लागेल. हे गणित माझ्या वर्गातली मुलंही सोडवतील, पण त्या दिवशी बाईंना काही ते सुचलं नाही. मी पुढे, मुलं मागे. चित्रासमोर उभं राहायचं, फोटो काढायचा, पाटीवरचं नाव वाचायचं आणि "चला, चला" म्हणत पुढे पळायचं. अर्ध्या तासात धाकटा रडकुंडीला आला.

अशातच एका छोट्या चित्रापाशी मुलगी थांबली. चित्रकार योहानेस व्हर्मीर, काळ साधारण १६६०. उंची जेमतेम दीड फूट. निळा ॲप्रन बांधलेली एक बाई भांड्यातून दूध ओततेय. टेबलावर पाव आहे, शेजारी खिडकी आहे. बस, एवढंच. मी फोटो काढला आणि मुलीचा हात ओढला. ती म्हणाली, "आई, थांब ना. भिंतीवर खिळा आहे बघ. त्याची सावलीसुद्धा पडलीय."

मी पुन्हा पाहिलं. खरंच होता खिळा! मला तो दिसलाच नव्हता. मग तिने खिडकीची फुटकी काच दाखवली. जमिनीवर ठेवलेली लाकडी पेटी दाखवली. ती पाय शेकायची पेटी, हे नंतर कळलं. धाकटा रडणं विसरून म्हणाला, "दुधाचा आवाज येत असेल ना?" मी चित्रकलेचा तास घेणारी बाई, आणि मला चित्र बघायला माझी चौथीतली मुलगी शिकवत होती.

आम्ही तिथे पंधरा मिनिटं थांबलो. मग बाकीची यादी मी पर्समध्ये टाकली आणि दिवसभरात आणखी दोनच गोष्टी नीट बघितल्या. एक म्हणजे रेम्ब्रांचं 'नाइट वॉच' हे १६४२ सालचं भलंमोठं चित्र. २०१९ पासून त्याच्या अभ्यासाचं आणि जतनाचं काम काचेच्या खोलीत, लोकांसमोरच चालू आहे. शिपायांच्या त्या गर्दीत मुलांनी पिवळ्या कपड्यांतली मुलगी, तिच्या कमरेला टांगलेली कोंबडी आणि ढोलावर भुंकणारा कुत्रा शोधून काढला. दुसरी गोष्ट म्हणजे तमिळनाडूतली चोळकालीन नटराजाची मूर्ती. धाकट्याने हात मोजले आणि तिथेच पेन्सिलने वहीत मूर्ती काढली. चित्रातल्या नटराजाला पाच हात आले, पण ते त्याने स्वतः बघून काढले होते.

घरी आल्यावर व्हर्मीरच्या त्या चित्राबद्दल आणखी वाचलं. २०२२ मध्ये तज्ज्ञांनी खास कॅमेऱ्यांनी रंगाच्या थराखाली पाहिलं, तेव्हा कळलं की त्या बाईच्या मागच्या भिंतीवर चित्रकाराने आधी भांडी टांगायची फळी काढली होती. पायाशी एक मोठी टोपलीही होती. नंतर त्यानेच ती रंगाने झाकून टाकली. म्हणजे एवढ्या मोठ्या चित्रकारानेही काढलं, पाहिलं आणि बदललं. हे मुलांना जरूर सांगा. खोडरबर वापरायला लाजणाऱ्या मुलांना तर आधी सांगा.

हे वाचताना मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. त्याने पावसाच्या चित्रात सगळं आकाश काळं रंगवलं होतं. मी म्हटलं होतं, "आकाश निळं असतं, परत रंगव." तो म्हणाला, "बाई, आमच्या वस्तीवर पाऊस आला की असंच दिसतं." तरी मी त्याला निळं करायला लावलं. त्या मुलाने आकाश पाहिलं होतं. मी फक्त चित्रकलेची वही पाहिली होती. माझ्या मुलीला खिळा दिसला याचं मी कौतुक केलं, मग त्याच्या काळ्या आकाशाचं का नाही केलं? हा प्रश्न मला परत आल्यावरही सोडत नाही.

म्हणून पालकहो, माझं स्पष्ट मत आहे. परदेशातलं संग्रहालय हे 'उरकायचं' ठिकाण नाही. तिकिटाचे पैसे किती दालनं फिरलो यावर वसूल होत नाहीत, तर मूल कुठे थांबलं यावर होतात. जाणार असाल तर एवढं करून पाहा:

१. जाण्याआधी घरी मुलांसोबत दोन-तीन चित्रं निवडा. तिथे त्यांनाच ती शोधू द्या.
२. पाटी आधी वाचू नका. आधी विचारा, "तुला काय काय दिसतंय?" नाव आणि साल नंतर.
३. साधी वही आणि पेन्सिल सोबत ठेवा. तिथल्या नियमांत बसत असेल तर चित्रासमोर बसून रेखाटू द्या. रेम्ब्रांनेसुद्धा भारतातल्या मुघल लघुचित्रांवरून रेखाटनं केली होती. बघून काढण्यात कमीपणा नाही.
४. दीड तासात बाहेर पडा. मूल "अजून थोडं" म्हणतंय तोवरच निघालेलं बरं.

आणि शिक्षक मित्रहो, ज्यांची मुलं कधी विमानात बसणार नाहीत, त्यांचं काय? त्यांच्यासाठी मी एक सुरुवात केलीय. दर शनिवारी एक चित्र फळ्यावर लावते आणि दहा मिनिटं फक्त बघायचं. मी काही सांगत नाही, मुलं सांगतात. पहिल्या शनिवारी दूध ओतणारी बाई लावली. काळं आकाश काढणारा तो मुलगा सगळ्यात आधी उठला आणि म्हणाला, "बाई, तिच्या बाह्या वर केल्यात. तिला अजून खूप काम आहे."

मी त्याला त्या जुन्या चित्राबद्दल सॉरी म्हटलं. तो नुसता हसला. पुढच्या पावसाळ्यात त्याने आकाश कुठल्याही रंगाचं काढू दे, मी आधी खिडकीतून बाहेर बघेन आणि मगच बोलेन.