‘रेसिडेंट एव्हिल २’ : दुसऱ्या यंत्रावर काय टिकले?

एखादा गाजलेला व्हिडिओ गेम दुसऱ्या कन्सोलवर पुन्हा निघाला, की आमच्या हाउसमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ग्राफिक्स कसे आहेत?’ माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. मूळ खेळात खेळणाऱ्याला जो विचार करावा लागत होता, तो नव्या यंत्रावरही करावा लागतो का, हे आधी पाहावे. एका जुन्या खेळाच्या उदाहरणाने हे सांगतो.

कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘रेसिडेंट एव्हिल २’ १९९८ साली सोनीच्या प्लेस्टेशनवर आला. दिग्दर्शक हिदेकी कामिया. रॅकून सिटी या काल्पनिक शहरात विषाणूमुळे माणसांचे झॉम्बी झाले आहेत. नोकरीचा पहिलाच दिवस असलेला पोलीस लिऑन आणि भावाच्या शोधात आलेली क्लेअर यांना तिथून जिवंत बाहेर पडायचे आहे. अशा खेळांना ‘सर्व्हायव्हल हॉरर’ म्हणतात. यात शौर्यापेक्षा हिशेब मोठा. सामानाला आठ खाने, गोळ्या मोजक्या, आणि खेळ जतन करायचा तर टाइपरायटर गाठून शाईची रिबन खर्च करायची. रूट मार्चच्या आदल्या रात्री पिट्ठूत काय घ्यायचे आणि काय ठेवायचे यावर डोके खाजवलेल्या कॅडेटला हे समजावून सांगायला नको.

१९९९ च्या अखेरीस हाच खेळ निन्टेन्डो ६४ वर आला. ते काम कॅलिफोर्नियातील एंजल स्टुडिओजने केले. मूळ खेळ दोन सीडींवर होता, आणि एका सीडीत साडेसहाशे मेगाबाइटच्या आसपास माहिती मावते. निन्टेन्डोच्या कार्ट्रिजमध्ये जागा होती फक्त ६४ मेगाबाइट! सगळ्यात जड होती ती चित्रफीत. तिच्या सेकंदाला ३० चौकटींऐवजी १५ च साठवल्या आणि मधल्या चौकटी खेळ चालू असताना यंत्राकडूनच तयार करून घेतल्या. चित्रफीत त्यामुळे धूसर दिसते, हे खरे. पण कथा कापली नाही, लिऑन आणि क्लेअर दोघांच्याही मोहिमा शाबूत राहिल्या. कमी साधनांत पूर्ण काम कसे करावे, याचा हा चांगला नमुना आहे.

काही गोष्टी नव्याने घातल्या. एका सोयीमुळे सामानाच्या जागा बदलतात, म्हणजे पाठांतरावर खेळणाऱ्याची पंचाईत. दुसऱ्या सोयीत रक्ताचा रंग बदलता येतो, हिंसाही कमी-जास्त करता येते. रक्त निळे करून पाहा, अंधाऱ्या बोळात दोनच गोळ्या उरल्यावर छाती तेवढीच धडधडते. भीती रक्तात नसते, ती उरलेल्या गोळ्यांच्या आकड्यात असते. दार उघडण्याची संथ दृश्येही ठेवली आहेत. सीडीवर ती माहिती वाचली जाईपर्यंतचा वेळ झाकायची. कार्ट्रिजला तेवढी गरज नव्हती, पण दारापलीकडे काय असेल ही धास्ती त्यांनीच तर निर्माण होते.

माझ्या दृष्टीने खरी कसोटी मात्र एका कपाटाची. पोलीस ठाण्याच्या शस्त्रकोठीत सबमशीनगन असते आणि दोन खाने वाढवणारी कमरेची पिशवीही. पहिल्या फेरीत तुम्ही जे घ्याल, ते दुसऱ्या फेरीत मागून येणाऱ्या साथीदाराला मिळत नाही. आमचे घर झाशीच्या मानिक चौकात आहे. गेल्या सुट्टीत आत्येभावाच्या जुन्या कन्सोलवर पहिली फेरी दादा खेळला आणि दुसरी मी. दादाने बंदूक घेतली आणि पिशवी सोडली. मी म्हटले, “दादा, दोन्ही का नाही घेतलेस?” तो म्हणाला, “मग तू काय घेतलं असतंस?” आमच्या शाळेत ‘टीम स्पिरिट’वर पुष्कळ भाषणे होतात. त्या कपाटाने तीच गोष्ट दोन वाक्यांत शिकवली.

निन्टेन्डोच्या आवृत्तीत हे कपाट जसेच्या तसे आहे. २०१९ मध्ये कॅपकॉमने हाच खेळ नव्याने बनवला. तो दिसायला कितीतरी पटींनी देखणा आहे, पण पहिल्या फेरीतल्या निवडीचा असा परिणाम दुसरीवर होत नाही. साध्या पातळीवर जतन करायला रिबनही लागत नाही. म्हणून मी म्हणेन, की चित्र सुधारले आणि जबाबदारी हलकी झाली. धूसर चित्रांची जुनी आवृत्ती मला त्याहून मोलाची वाटते.

पालकांची शंका रास्त आहे. अमेरिकेतल्या वर्गवारीनुसार हा खेळ १७ वर्षांवरील मुलांसाठी आहे, आणि ती अट पाळावी. सहावी-सातवीच्या कॅडेटांनी तो खेळू नये, रक्ताचा रंग बदलूनही नाही. मी स्वतः १७ पूर्ण झाल्यावरच तो हातात घेतला. आणि अशा खेळातून युद्ध कळते, असेही कोणी समजू नये. १८५८ मध्ये ह्यू रोजच्या सैन्याने झाशीला वेढा घातला, तेव्हा वरसईचे विष्णुभट गोडसे शहरातच होते. शहर पडल्यावर जे घडले ते त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवले आहे. त्या माणसांना मागे परतायला टाइपरायटर नव्हता. आमच्या घरातली मोठी माणसे तो इतिहास सांगताना आवाज खाली आणतात, तो उगाच नव्हे.

खेळ हा खेळच. पण तो निवडताना कॅडेटांनी एवढे जरूर विचारावे : यात माझ्या निर्णयाची किंमत मला, किंवा माझ्या मागून येणाऱ्याला, मोजावी लागते का? ‘हो’ असेल, तर तो कोणत्या कन्सोलवर आहे आणि चित्र किती स्वच्छ आहे, याला फारसे महत्त्व उरत नाही.